कायद्याद्वारे प्रस्थापित कार्यपद्धती

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील मध्यवर्ती शब्दप्रयोग. कायद्याने ठरवून दिलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणत्याही व्यक्तीचे जीवित अथवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेता येत नाही, असे हा अनुच्छेद सांगतो. संविधान सभेपुढे आरंभी आलेल्या मसुद्यात या जागी ‘यथोचित विधिप्रक्रिया’ (ड्यू प्रोसेस ऑफ लॉ) ही अमेरिकन संज्ञा होती. ती का गळली आणि न्यायालयीन अर्थनिर्णयातून कशी परतली, हा भारतीय घटनाशास्त्रातील बहुचर्चित प्रश्न आहे.

या कल्पनेचे मूळ सामान्यतः इंग्लंडमधील १२१५ च्या मॅग्ना कार्टा या सनदेच्या ३९ व्या कलमात शोधले जाते. तेथे मात्र ‘देशाचा कायदा’ असे शब्द आहेत. ‘यथोचित विधिप्रक्रिया’ ही शब्दयोजना तिसऱ्या एडवर्डच्या कारकीर्दीतील, १३५४ च्या अधिनियमात आढळते. पुढे ती अमेरिकेच्या संविधानात पाचव्या (१७९१) व चौदाव्या (१८६८) दुरुस्तीने आली. दोन्ही संज्ञा मुळात समानार्थी होत्या की नाहीत याविषयी मतभेद आहेत. भारताच्या संदर्भात महत्त्वाचा भाग एवढाच, की अमेरिकन न्यायालयांनी ‘यथोचित’ या विशेषणाच्या आधारे कार्यपद्धतीबरोबरच कायद्याचा आशयही तपासण्यास सुरुवात केली. बेकरी कामगारांचे कामाचे तास मर्यादित करणारा न्यूयॉर्क राज्याचा कायदा १९०५ मध्ये लॉकनर खटल्यात याच आधारावर रद्द झाला. या भूमिकेपासून ते न्यायालय १९३७ नंतर दूर गेले.

भारतातील पूर्वसूत्रांपैकी सर्वांत जुने म्हणून १८९५ च्या ‘स्वराज्य विधेयका’चा उल्लेख होतो. नागरिकाचे घर अनुल्लंघनीय मानणारी तरतूद त्यात होती. ते लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने तयार झाले असावे असे ॲनी बेझंट यांचे मत होते. तथापि त्याचे कर्तृत्व निश्चित झालेले नसल्याने या मताला संभाव्यतेपलीकडे वजन देता येत नाही. १९२८ च्या नेहरू अहवालात ‘कायद्यास अनुसरून असल्याखेरीज’ या आशयाचे शब्द असून त्यांचे आयरिश मुक्त राज्याच्या १९२२ च्या घटनेशी साम्य स्पष्ट आहे. याचा अर्थ, अमेरिकन संज्ञेखेरीजचा पर्याय भारतीय नेत्यांना १९४७ पूर्वीच परिचित होता.

संविधान सभेच्या सल्लागार समितीचे अध्यक्ष सरदार पटेल, तर तिच्या मूलभूत हक्क उपसमितीचे अध्यक्ष आचार्य कृपलानी होते. उपसमितीने मार्च १९४७ मध्ये जीवित, स्वातंत्र्य व मालमत्ता या तिहींना यथोचित विधिप्रक्रियेचे संरक्षण सुचवले. जमीनदारी नष्ट करणारे कायदे न्यायालयात अडकतील, या भीतीने सल्लागार समितीत त्यास विरोध झाला. गोविंद वल्लभ पंत त्यात अग्रभागी होते. परिणामी एप्रिलच्या अंतरिम अहवालातील कलमातून ‘मालमत्ता’ वगळली गेली, संज्ञा मात्र राहिली.

तिचा त्याग मसुदा समितीने १९४८ च्या आरंभी केला. रूढ वृत्तांतानुसार याचे श्रेय, किंवा दोष, सभेचे घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांच्या अमेरिका भेटीकडे जाते. अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी १९४७ अखेरच्या भेटीत रावांना सांगितले, की या संज्ञेतून निघणारा न्यायालयीन पुनर्विलोकनाचा, म्हणजे कायदे तपासून रद्द करण्याचा, अधिकार लोकशाहीशी विसंगत असून न्यायसंस्थेवर अनुचित भार टाकणारा आहे. तेथीलच न्यायाधीश लर्नेड हँड यांना तर सर्वच मूलभूत हक्क नैतिक उपदेशाच्या स्वरूपात असणे पसंत होते. भेट निर्विवाद आहे. तिचा प्रभाव मात्र अतिरंजित वाटतो. सामाजिक कायदे अडण्याची चिंता रावांनी या भेटीपूर्वीच व्यक्त केली होती, आणि फाळणीच्या हिंसाचारानंतर प्रतिबंधक स्थानबद्धतेचे (संभाव्य कृत्य रोखण्यासाठी खटल्याविना अटकेत ठेवण्याचे) अधिकार सोडण्यास शासन तयार नव्हते. ही देशांतर्गत कारणे अधिक निर्णायक मानणे सयुक्तिक होय. नवे शब्द जपानच्या १९४६ च्या घटनेतील अनुच्छेद ३१ वर आधारलेले होते आणि ते अधिक निश्चित आहेत, असे समितीने नमूद केले. ‘स्वातंत्र्य’ या शब्दाआधी ‘व्यक्तिगत’ हे विशेषणही तिनेच जोडले. अनुच्छेद १९ मधील स्वातंत्र्यांशी या कलमाची सरमिसळ होऊ नये, हा त्यामागील हेतू होता.

मसुद्यातील या अनुच्छेद १५ वर, म्हणजे आजच्या २१ वर, ६ डिसेंबर १९४८ रोजी चर्चा झाली. मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी मूळ संज्ञा परत आणण्याची दुरुस्ती मांडली. ठाकूरदास भार्गव, झेड. एच. लारी आणि मसुदा समितीचेच सदस्य असलेले कन्हैयालाल मुन्शी यांनी तिला पाठिंबा दिला. प्रतिकूल बाजू मुख्यतः अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी मांडली. १३ डिसेंबरला उत्तर देताना आंबेडकरांनी दोन्ही बाजूंचे धोके दाखवले. पक्षीय बहुमताने भरलेले विधिमंडळ हक्कांवर घाला घालू शकते. उलटपक्षी, पाच-सहा न्यायाधीशांनी स्वतःच्या सदसद्विवेकाने अथवा पूर्वग्रहाने चांगला कायदा कोणता व वाईट कोणता हे ठरवावे, हेही विश्वासार्ह नाही. ग्रीक पुराणकथेतील दोन जलसंकटांचा दृष्टान्त त्यांनी दिला. मराठी वाचकास ‘इकडे आड, तिकडे विहीर’ आठवेल. त्यांनी निर्णय सभेवर सोपवला आणि दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या. एखाद्या कलमावर मसुदा समितीच्या अध्यक्षांनी अशी तटस्थता घ्यावी हे विरळाच.

असंतोष शमला नाही. या अनुच्छेदाने संसदेला मोकळे रान दिले, अशी टीका होत असल्याचे मान्य करूनच आंबेडकरांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी भरपाई म्हणून अनुच्छेद १५-अ, म्हणजे आजचा २२, मांडला. अटकेची कारणे सांगणे, पसंतीचा वकील आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजेरी हे हक्क फौजदारी प्रक्रिया संहितेत होतेच. घटनेत आल्याने ते विधिमंडळाच्या आवाक्याबाहेर गेले. त्याच अनुच्छेदाने प्रतिबंधक स्थानबद्धतेला मात्र घटनात्मक स्थान दिले, आणि तीन महिन्यांपुढील स्थानबद्धतेसाठी सल्लागार मंडळाची अट घातली. बक्षी टेकचंद यांनी यास स्वातंत्र्य नाकारणारी सनद म्हटले.

ए. के. गोपालन खटल्यात (१९५०) सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने ‘कायदा’ म्हणजे विधिमंडळाने केलेला कायदा, असा अर्थ लावला. सरन्यायाधीश कानिया यांनी मसुदा समितीच्या अहवालाचा आधार घेऊन ‘यथोचित’ हा शब्द हेतुपुरस्सर गाळल्याचे म्हटले. न्यायमूर्ती फजल अली यांनी भिन्न मत नोंदवले. १९७० च्या बँक राष्ट्रीयीकरण खटल्याने या निर्णयाचा पाया ढासळला आणि मनेका गांधी खटल्यात (१९७८) कार्यपद्धती न्याय्य, उचित व वाजवी असली पाहिजे, असे ठरले. संज्ञा नसली तरी परिणाम तोच, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याच वर्षी सुनील बत्रा खटल्यात स्पष्ट केले. मुंबईतील पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात (१९८५) उपजीविकेचा आणि पुट्टस्वामी खटल्यात (२०१७) खासगीपणाचा हक्क या अनुच्छेदात समाविष्ट मानला गेला.

आणीबाणीतील अनुभवानंतर ४४ व्या दुरुस्तीने (१९७८) अनुच्छेद २० व २१ यांची अंमलबजावणी आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद केली. याच दुरुस्तीने अनुच्छेद २२ मधील तीन महिन्यांची मर्यादा दोनवर आणली होती. दुरुस्तीचे ते कलम मात्र अद्याप अंमलात आणले गेलेले नाही.