प्लास्टिक कधी मऊ होणार, हे खालचा पृष्ठभागही ठरवतो

पॉलिस्टायरीन, म्हणजे थर्माकोल ज्याचं बनतं ते प्लास्टिक, साधारण 100 अंश सेल्सिअसला कडकपणा सोडतं. याला काचसंक्रमण म्हणतात. इथे काही वितळत नाही, आतल्या लांबलचक साखळ्यांना हलायला मोकळीक मिळते, इतकंच. मात्र हेच पॉलिस्टायरीन सिलिकॉनच्या चकतीवर 10 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाडीचं पसरलं, तर सुमारे 25 अंश आधीच सैल पडतं. केडी, जोन्स आणि कोरी यांनी 1994 मध्ये हे मोजलं.

हवेकडच्या साखळ्यांना अडवायला वर शेजारी नसतात, म्हणून त्या लवकर सुटतात. खालचा पृष्ठभाग धरून ठेवणारा असेल तर चित्र उलटतं. ॲक्रिलिकच्या साखळ्या सिलिकॉनवरच्या ऑक्साइडच्या हायड्रॉक्सिल गटांशी (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांशी) हायड्रोजन बंध जोडतात, आणि तिथे पातळ थराचं संक्रमण तापमान चढतं. तेच ॲक्रिलिक सोन्यावर पसरा, तापमान उतरतं.

टोल्यूइनमध्ये एक टक्का पॉलिस्टायरीन विरघळवून थेंब चकतीवर टाकायचा आणि चकती मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांनी फिरवायची, की दोन आकडी नॅनोमीटर जाडीचा थर मिळतो. आणखी पातळ हवा तर द्रावण पातळ करायचं. मग थर सावकाश तापवत किंवा थंड करत एलिप्सोमीटरने (परावर्तित प्रकाशावरून पातळ थर मोजणाऱ्या उपकरणाने) जाडी टिपायची. तापमान आणि जाडीच्या आलेखाची रेषा जिथे मोडते, ते संक्रमण तापमान. ऐकायला सोपं, पण मोडीच्या खाली 10 नॅनोमीटरचा थर अंशामागे जेमतेम 0.002 नॅनोमीटर फुगतो! त्यात टोल्यूइन शिल्लक राहिलं तर तेच साखळ्या सैल करतं आणि आकडा फसवा येतो, म्हणून थर आधी निर्वातात 100 अंशांच्या वर कित्येक तास ठेवतात. धुळीचा कण असेल, तर तापवताना तिथूनच भोक पडतं आणि अळूच्या पानावरच्या पाण्यासारखे थेंब होतात. मग मोजायला थरच उरत नाही.

टायरच्या धंद्यात पृष्ठभागाची साखळ्यांवरची ही पकड रोजच्या कामाची. काजळी मिसळलेल्या कच्च्या रबराचे बारीक तुकडे जाळीत घालून काही दिवस टोल्यूइनमध्ये बुडवतात, वाळवून वजन करतात. सुटं रबर निघून जातं. काजळीला चिकटलेलं मागे उरतं, ते ‘बाउंड रबर’. काजळीऐवजी सिलिका (वाळूतलंच द्रव्य, बारीक भुकटीच्या रूपात) वापरली तर मामला अडतो: तिच्या कणांना रबरापेक्षा एकमेकांचीच ओढ जास्त, त्यामुळे गुठळ्या होतात. म्हणून सिलेन नावाचं जोडणारं रसायन घालावं लागतं. त्याचं एक टोक सिलिकाला जोडलं जातं, दुसऱ्या टोकाचं गंधक रबराला.