रोझरीची माळ आणि मिनिटाला सहा श्वास

ऑक्टोबर हा कॅथलिकांच्या रोझरीचा, म्हणजे माळेच्या मण्यांवर म्हणायच्या प्रार्थनेचा, महिना. बेळगावच्या कॅम्पात, खानापूरकडच्या गावांत संध्याकाळी माळ होते. कुठं मराठीत, कुठं कोकणीत, कुठं कन्नडमध्ये. एकजण मरियामातेच्या ‘नमो मरिया’ या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणतो, बाकीचे दुसरा. शरीराला जे मिळतं ते बरंचसं या वाटणीतून मिळतं.

लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास मांडला. २३ निरोगी माणसांनी ‘आवे मारिया’ म्हणजे लॅटिनमधली ‘नमो मरिया’ म्हटली, आणि ‘ओम मणी पद्मे ओम’ हा मंत्रही. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास उतरला. एरवी बसल्या जागी आपण बारा ते सोळा घेतो. रक्तदाबात मुळातच साधारण दहा सेकंदांची एक बारीक लाट असते. श्वासही दहा सेकंदांचा झाला की दोन्ही लयी जुळतात आणि मानेतल्या व हृदयाजवळच्या धमन्यांतली दाब सांभाळणारी यंत्रणा अधिक चोख चालते. माळ कुठल्या धर्माची, याच्याशी धमन्यांना देणंघेणं नाही.

घड्याळ लावून बघा. एक ‘नमो मरिया’ दहा सेकंदांत, म्हणजे दहा मणी शंभर सेकंदांत. स्वयंपाक खोळंबलेला असला की तेच पाच सेकंदांत उरकतं, आणि श्वास मिनिटाला बारावर परत. आपला भाग म्हणताना श्वास सावकाश सुटू द्यावा, इतरांच्या भागात नाकानं आत घ्यावा. एकटे असाल तर दोन भागांच्या मध्ये थांबा. मुद्दाम छाती भरभरून श्वास घेऊ नका. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. आणि हा अभ्यास लहान, तोही निरोगी माणसांवरचा. नैराश्याच्या गोळ्या बंद करून माळ धरण्याला त्यात काडीचा आधार नाही.

हीच माळ काहींना जखडते. दहा मण्यांत एकदा लक्ष उडालं म्हणून ते दहाही पुन्हा. पापनिवेदन करून, म्हणजे फादरांना आपली पापं सांगून, बाहेर आलं की ‘नीट सांगितलं का?’, म्हणून परत रांगेत. चर्चच्या भाषेत याला ‘स्क्रुपल’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ टोकदार खडा. संत इग्नेशियस लोयोला १५२२ मध्ये स्पेनमधल्या मनरेसात तीच ती पापं पुन्हा पुन्हा सांगत राहिले, जीव देण्याच्या विचारापर्यंत गेले. आज मानसोपचारात हे बहुतेक वेळा ओसीडीचं, म्हणजे मंत्रचळाचं, धार्मिक रूप मानतात. विश्वास कमी पडला म्हणून ते होत नाही. पुन्हा म्हटलं की घटकाभर सुटल्यासारखं वाटतं, आणि त्या सुटकेमुळेच मेंदू पुढच्या वेळी तेच मागतो.

उपचार याच्या उलट चालतो. मणी चुकला तर चुकू द्यायचा, पुन्हा म्हणायचा नाही. घालमेल वाढते आणि काही न करता ओसरते. हे थेरपिस्टच्या मदतीनं, सोप्या प्रसंगापासून सुरू करायचं. गोळ्यांचा गुण यायला ओसीडीत आठ ते बारा आठवडे लागू शकतात. तिसऱ्या आठवड्यात ‘फरक नाही’ म्हणून सोडणारे पुष्कळ.

फादर एकच धरावेत. रोज नव्या फादरांकडे गेलं की शंकेला नवं खाद्य मिळतं. मात्र निवेदनात सांगितलेलं फादर कुणालाही, डॉक्टरांनाही, सांगू शकत नाहीत. चर्चचा कायदाच तसा आहे. त्यांनी डॉक्टरांशी बोलावं असं वाटत असेल, तर तीच गोष्ट निवेदनाबाहेर, ऑफिसात बसून, पुन्हा सांगा.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो. प्रत्यक्ष जायचं तर धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. तिथं कन्नडमध्ये अडखळायला होईल असं वाटलं तर आठवडाभराची नोंद कागदावर न्या: कुठला विचार, काय पुन्हा केलं, किती मिनिटं गेली. दिवसाचा तासाहून जास्त वेळ जात असेल तर तो आकडा सगळ्यात वर लिहा.