लेहच्या उन्हावर धावणारी बस

समुद्रसपाटीपासून ११,५६२ फूट उंचीवरच्या लेहमध्ये एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीने हायड्रोजनवर चालणाऱ्या पाच बससाठी इंधन भरण्याचे केंद्र उभारले असून, त्याच्या जोडीला १.७ मेगावॉट क्षमतेचा स्वतंत्र सौर प्रकल्प आहे. या विजेने पाण्याचे विघटन करून दिवसाला ८० किलोपर्यंत हायड्रोजन मिळवायचा, तो दाबाखाली साठवायचा आणि बसच्या टाक्यांमध्ये भरायचा, अशी ही योजना आहे. पहिली बस ऑगस्ट २०२३ मध्ये लेहला पोहोचली. उन्हापासून वाहनाचे इंधन बनवणे कोठे परवडते आणि कोठे नाही, हे समजून घ्यायला आपल्या देशात याहून बोलके उदाहरण सापडणे अवघड आहे.

पाण्याचे विद्युत अपघटन शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येते. त्यासाठी तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात. प्रत्यक्षात मात्र इलेक्ट्रोलायझरच्या, म्हणजे पाण्याचे विघटन करणाऱ्या यंत्राच्या, प्रत्येक घटाला १.८ ते २ व्होल्ट द्यावे लागतात आणि हा जादा विद्युत दाब बहुतांशी उष्णतेच्या रूपाने वाया जातो. एक किलो हायड्रोजन मिळवायला रासायनिक हिशोबाने ९ लिटर शुद्ध पाणी आणि ५० ते ५५ युनिट वीज लागते, तर त्या किलोभर वायूमधून मिळू शकणारी ऊर्जा ३३ युनिटांच्या आसपास असते. पहिल्याच पायरीवर सुमारे एक तृतीयांश वीज अशी खर्ची पडते.

त्यात ऊन काही दिवसभर सारखे नसते. जुन्या आणि तुलनेने स्वस्त अशा अल्कली पद्धतीच्या यंत्रात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण असते आणि हायड्रोजन व ऑक्सिजन यांना सच्छिद्र पडद्याने वेगळे ठेवलेले असते. ढग आला की विजेबरोबर वायूंची निर्मिती घटते, पण पडद्यातून पलीकडे झिरपणारा थोडासा हायड्रोजन त्या प्रमाणात कमी होत नाही, त्यामुळे ऑक्सिजनमधला त्याचा वाटा वाढत जातो. हा वाटा ४ टक्क्यांवर गेला की मिश्रण पेट घेऊ शकते, म्हणून त्याच्या बरेच अलीकडे यंत्र आपोआप बंद केले जाते. पॉलिमर पडद्याची नवी यंत्रे काही सेकंदांत वरखाली होणारी वीज सहन करतात, मात्र त्यांना इरिडियम हा धातू लागतो आणि त्याचे साऱ्या जगातले उत्पादन वर्षाला जेमतेम सात-आठ टन आहे. सौर हायड्रोजनच्या भवितव्याची चर्चा करताना पॅनेलच्या किमतींवर जेवढे बोलले जाते, तेवढे या धातूवर बोलले जात नाही, हे मला आश्चर्याचे वाटते.

तयार झालेला वायू साठवणे हे वेगळेच दुखणे आहे. सामान्य तापमानाला आणि दाबाला एक किलो हायड्रोजन सुमारे १२ हजार लिटर जागा व्यापतो. त्यामुळे तो बससाठी ३५० बार (एक बार म्हणजे साधारण समुद्रसपाटीवरच्या हवेइतका दाब) आणि मोटारींसाठी ७०० बार दाबाने कार्बन तंतूंच्या टाक्यांमध्ये कोंबावा लागतो. ७०० बारला झपाट्याने भरताना टाकी तापते, म्हणून वायू आधी उणे ४० अंशांच्या आसपास थंड केला जातो. दाबणे आणि थंड करणे यांत किलोमागे आणखी चार-पाच युनिट जातात.

बसमध्ये नेमकी उलट क्रिया घडते. इंधनघटात हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र येऊन वीज, उष्णता आणि पाणी तयार होते. लेहच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच असल्याने घटाला पुरेसा ऑक्सिजन पुरवण्यासाठी हवा जास्त दाबावी लागते. शिवाय हिवाळ्यात पारा शून्याच्या कितीतरी खाली जातो, तेव्हा बस थांबवताना घटात उरलेले पाणी हवेच्या झोताने बाहेर काढले नाही, तर ते गोठून पडद्याची हानी करते. मात्र त्याच थंडीत घटाची वाया जाणारी उष्णता प्रवाशांना ऊब देण्यासाठी वापरता येते, ही जमेची बाजू आहे. बॅटरीवरच्या बसला ही ऊब साठवलेल्या विजेतूनच द्यावी लागते. अशा घटांवर पुण्यातही काम झाले आहे: राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी ही तंत्रज्ञान कंपनी यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये इंधनघटावरच्या मोटारीच्या चाचण्या घेतल्या आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तेथेच बसही सादर झाली.

आता सगळा हिशोब मांडू. पॅनेलमधून निघालेल्या १०० युनिटांपैकी हायड्रोजनच्या वाटेने चाकांपर्यंत ३० च्या आसपास पोहोचतात, बॅटरीच्या वाटेने ७० हून अधिक. टोयोटाची मिराई ही मोटार अमेरिकी मानांकनानुसार ५.६ किलो हायड्रोजनवर सुमारे ६५० किलोमीटर जाते, पण तेवढा हायड्रोजन तयार करून दाबायला सव्वातीनशे युनिट लागतात. तेवढ्या विजेत बॅटरीची मोटार अडीच ते तीन पट अंतर सहज कापेल. त्यामुळे शहरातल्या खासगी मोटारींसाठी उन्हाचा हायड्रोजन करणे मला उधळपट्टी वाटते. लांब पल्ल्याचे ट्रक, चढणीचे रस्ते आणि कडाक्याची थंडी असलेली ठिकाणे यांचा विचार वेगळा करावा लागतो, कारण तेथे बॅटरीचे वजन आणि चार्जिंगला लागणारा वेळ जड जातो.

४ जानेवारी २०२३ रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाने २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे लक्ष्य ठेवले आहे. केवळ उन्हावर विसंबल्यास महागडे इलेक्ट्रोलायझर दिवसातले बहुतेक तास रिकामे बसतात आणि त्यांचा भांडवली खर्च थोड्याच किलोंवर चढतो. म्हणूनच मोठ्या प्रकल्पांमध्ये सौरविजेला पवनऊर्जेची जोड दिली जाते, जेणेकरून यंत्रे रात्रीही चालू राहतील.