क्लाउडवर टाकलं म्हणजे कायमचं सेफ?

"एकदा क्लाउडवर गेलेली फाइल कधीच जात नाही, कॉम्प्युटरवरून बिनधास्त उडवा" असा फॉरवर्ड बरीच वर्षं फिरतोय, आणि खरं वाटावं असाच आहे तो. पण गूगल ड्राइव्हसारखं क्लाउड कॉम्प्युटरवरचा फोल्डर सिंक करतं, म्हणजे दोन्हीकडच्या फाइल्स आपोआप सारख्या ठेवतं. सिंक म्हणजे बॅकअप (वेगळी जपलेली कॉपी) नव्हे, सिंक म्हणजे आरसा, इकडे पुसलं की तिकडेही पुसलं जातं. गूगल ड्राइव्हमध्ये डिलीट केलेली फाइल ट्रॅशमध्ये ३० दिवस राहते, मग आपोआप कायमची जाते (आणि तोवर जागा खातेच!).

बघायचंय? सिंकवाल्या फोल्डरमध्ये 'चाचणी' नावाची फाइल बनवा, ती वर गेली की कॉम्प्युटरवरून डिलीट करा आणि ब्राउझरमध्ये ड्राइव्हचा ट्रॅश उघडा, तिथेच पडलेली दिसेल. सातबारा, मार्कशीट असलं जपायचं असेल तर वेगळी कॉपी हार्डडिस्कवर, सिंकच्या बाहेर.