सी भाषेतील मॅक्रो आणि सोर्स कोडचे सूचीकरण

सी भाषेतल्या मोठ्या प्रकल्पात एखादे फंक्शन नेमके कुठे लिहिले आहे, हे शोधायला सीटॅग्ज, सीस्कोप, ग्लोबल यांसारखी सूचीकरणाची साधने वापरतात. मॅक्रो म्हणजे कोडच्या तुकड्याला दिलेले छोटे नाव; ते जिथे येते तिथे तो तुकडा उलगडून बसवला जातो. अशा मॅक्रोंमुळे या साधनांची सूची चुकते किंवा अपुरी राहते. कंपायलरला मिळतो तो प्रीप्रोसेसरने (कंपाइल होण्याआधीच्या टप्प्याने) मॅक्रो उलगडून दिलेला कोड. ही साधने मात्र फाइलमधला मजकूर बहुधा आहे तसाच वाचतात. जी नावे उलगडल्यावरच तयार होतात, ती त्यांना दिसणार कशी?

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, याचा अनुभव पावलोपावली येतो. ‘रीड’ हा सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेली विनंती) तिथे सिस्कॉल_डिफाइन३ या मॅक्रोने लिहिलेला आहे. ‘सिस_रीड’ हे नाव त्या ओळीत कुठेच नाही. मॅक्रो ‘##’ या चिन्हाने तुकडे जोडून ते घडवतो. साध्या सीटॅग्जला ही ओळ सिस्कॉल_डिफाइन३ नावाच्या फंक्शनसारखी दिसते आणि त्याच नावाच्या नोंदींची रांग लागते. यासाठी मॅक्रोला दोष देणे योग्य नाही. ६४-बिट प्रोसेसरवर ३२-बिट आर्ग्युमेंटच्या चिन्हविस्तारातून (धन-ऋण चिन्ह राखून संख्या ६४ बिटांची करण्यातून) उद्भवलेली सुरक्षेची त्रुटी बुजवण्यासाठी २००९ मध्ये तो आणला गेला. ‘पेजफ्लॅग’ मॅक्रोची गत आणखी बिकट: ‘डर्टी’ एवढाच शब्द दिला की पेजडर्टी, सेटपेजडर्टी, क्लिअरपेजडर्टी अशी फंक्शने तयार होतात. त्यांचा वापर अनेक ठिकाणी सापडतो, व्याख्या मात्र शोधूनही सापडत नाही.

‘__इनिट’सारखे खुणेचे मॅक्रो परतीचा प्रकार आणि फंक्शनचे नाव यांच्या मध्ये येऊन साधनाच्या पार्सरला, म्हणजे कोडची रचना ओळखणाऱ्या भागाला, चकवतात. अटीनुसार कोडचा एखादा भाग निवडणाऱ्या ‘#इफडेफ’च्या दोन्ही शाखांत उघडणारा महिरपी कंस आणि खाली बंद करणारा एकच, अशी रचना असेल तर कंसांचा हिशेबच जुळत नाही. अशा वेळी सीटॅग्ज फाइल पुन्हा वाचते आणि ओळीच्या अगदी सुरुवातीला आलेला बंद कंस हाच फंक्शनचा शेवट मानते. हा अंदाज नीटनेटक्या मांडणीच्या कोडवर चांगला चालतो.

यावर प्रकल्पानेच आपल्या मॅक्रोंची ओळख साधनाला करून द्यावी, हा उपाय सर्वांत भरवशाचा. कर्नलची टॅग्ज.एसएच ही स्क्रिप्ट तेच करते: सिस्कॉल_डिफाइनमधून ‘सिस_’ने सुरू होणारे नाव बनवणारे रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातला नमुना शोधण्याचे सूत्र) तिच्यात आहे, पेजफ्लॅगसाठीही आहेत. वगळायच्या खुणा सीटॅग्जच्या ‘-आय’ पर्यायाने देता येतात. ईमॅक्स या एडिटरच्या सी कोडमधला ‘डीफन’ मॅक्रो त्याचेच सूचीकरणाचे साधन ईटॅग्ज मुळातच ओळखते.

क्लँगडी हे साधन प्रत्यक्ष कंपायलरच्याच पार्सरवर चालते, त्यामुळे मॅक्रोतून जन्मलेली नावेही त्याला कळतात. त्यासाठी प्रत्येक फाइल कोणत्या पर्यायांनी कंपाइल होते, याची यादी त्याला द्यावी लागते. शिवाय ते एका वेळी एकच कॉन्फिगरेशन पाहते. एक्स८६ प्रोसेसरसाठी तयार केलेल्या सूचीत केवळ आर्म प्रोसेसरसाठी लिहिलेल्या ‘#इफडेफ’ शाखेतली फंक्शने येत नाहीत. साधी सीटॅग्ज त्यातली काही टिपू शकते. म्हणून कर्नलसारख्या प्रकल्पात दोन्ही जवळ ठेवणे सोयीचे.