अंकृष, मकराखोम आणि दूरशब्द

थाई लोक इंग्रजांना आणि इंग्रजी भाषेला 'आंगक्रित' म्हणतात. ऐकताना त्यात विशेष काही जाणवत नाही. पण तो शब्द थाई लिपीत कसा लिहितात ते अक्षर-अक्षर सोडवून पाहिलं तर आपल्या लिपीत 'अंकृष' असा उतरतो. ऋकार आहे, पोटफोड्या ष आहे. लंडनच्या धुक्यातून आलेल्या माणसाला सयामी (सयाम हे थायलंडचं जुनं नाव) लेखनिकानं सोवळं नेसवून पाटावर बसवलं, असाच सगळा थाट. आपला 'इंग्रज' पोर्तुगीजांच्या तोंडून आला आणि आपण तो ऐकू आला तसा ठेवला. फिरंगी हा आपला शब्द मात्र तिकडेही आहे. गोऱ्या परदेशी माणसाला थाईत 'फरांग' म्हणतात, आणि गंमत म्हणजे पेरूलाही.

ही संस्कृतची वस्त्रं कुठून आली हे समजायला थाईची घडण थोडी माहीत हवी. भाषा मुळात एकाक्षरी शब्दांची. पण धर्म पालीतून आला आणि राजदरबाराची भाषा ख्मेरमार्गे, म्हणजे शेजारच्या कंबोडियाच्या भाषेमार्गे, संस्कृतातून. त्यामुळे मोठं, गंभीर, सरकारी काही म्हणायचं झालं की हात आपोआप पाली-संस्कृतच्या फडताळाकडे जातो. लिपीत मूळ अक्षरं जपलेली असतात, उच्चार मात्र थाई जिभेच्या सोयीनं होतो. द चा थ होतो, ब चा फ, प चा ब. शब्दाच्या शेवटी तर अर्धी अक्षरं गिळलीच जातात. म्हणून मराठी माणसाला हे शब्द कानानं ओळखू येत नाहीत, डोळ्यानं येतात. 'फिफितफान' ऐकून कोण काय समजणार? लिहिलेलं असतं 'बिबिधभांड', आपलं विविधभांड, म्हणजे नाना वस्तूंचा साठा, म्हणजे म्युझियम.

सुरुवातीला अर्थाच्या भानगडीत कोणी पडत नसे. 1826 साली सयामशी तह करणारा ईस्ट इंडिया कंपनीचा दूत हेन्री बर्नी सयामी बखरींत 'हन्त्री बारनी' म्हणून वावरतो. त्याच्या चार वर्षं आधी आलेल्या जॉन क्रॉफर्डचा 'काराफात' झाला. टेलिग्राफ 1875 मध्ये बँकॉकला पोहोचला तेव्हा लोकांनी त्याला 'तलॅपकॅप' करून टाकलं. आपल्याकडे ठेसनावर तिकीट काढणाऱ्यांनी जे केलं तेच हे. 'थोरलेक', म्हणजे दूरलेख, हा प्रतिष्ठित शब्द त्यावर नंतर बसला. आगगाडी मात्र पहिल्यापासून दोन्हीकडे सारखीच सुचली. थाईत ती 'रोतफाय' आहे: रोत म्हणजे रथ, फाय म्हणजे आग. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या दोन भाषांनी तेच इंजिन पाहिलं आणि तोच धूर.

नावांचं पद्धतशीर भाषांतर म्हणावं असं पहिलं मोठं काम 1889 साली झालं, आणि माझ्या मते ते आजवरचं सर्वांत देखणं काम आहे. राजा चुलालोंगकोर्ननं सौर कालगणना स्वीकारली. इंग्रजी बारा महिन्यांना सयामी नावं हवी होती. राजपुत्र देववोंग्स यांनी जानेवारी-फेब्रुवारीचे उच्चार उचलले नाहीत आणि त्यांच्या रोमन अर्थांच्याही मागे लागले नाहीत. त्या महिन्यात सूर्य कुठल्या राशीत जातो ते पाहिलं. जानेवारीत मकरसंक्रांत, म्हणून 'मकराखोम', मकर अधिक आगम. मार्च 'मीनाखोम'. एप्रिल 'मेसायोन', मेष अधिक आयन. ऑगस्ट सिंहाचा, ऑक्टोबर तुळेचा. दोन वेगळे प्रत्यय का? एकतीस दिवसांच्या महिन्यांना 'आगम' आणि तीस दिवसांच्यांना 'आयन' लावला. दोन्हींचा अर्थ 'येणं'च. पण शेपटी ऐकली की महिन्याचे दिवस कळतात. आपण मुठीची हाडं मोजत बसतो, थाई पोराला ती गरजच नाही. अठ्ठावीस-एकोणतीसच्या पेचातल्या फेब्रुवारीला तिसराच प्रत्यय मिळाला: 'कुम्फाफान', कुंभ अधिक आबंध.

त्या वेळी वर्ष 1 एप्रिलला सुरू होई, म्हणजे मेषेपासून. आपल्या पंचांगाला ते पटलं असतं. 1941 पासून 1 जानेवारी हा वर्षारंभ ठरला, आणि ती सांधेजोड करताना बौद्ध संवत 2483 हे वर्ष नऊच महिन्यांचं झालं. एप्रिलमधलं जुनं नववर्ष तरीही धूमधडाक्यात चालू आहे. पाण्यानं भिजवून काढणाऱ्या त्या सणाचं नाव 'सोंगक्रान', म्हणजे संक्रांत.

पुढचा राजा वजिरावुध ऑक्सफर्डला शिकलेला, नाटकवेडा. शेक्सपिअरच्या व्हेनिसच्या व्यापाऱ्याचं त्यानं 'वेनिस वानित' केलं: गाव तेच, व्यापारी मात्र वाणिज, आणि वर यमकही. बिनतारी संदेशाला 'वित्थयु' हा शब्द त्याच्याच काळचा, त्याच्याच नावावर सांगतात. मूळ संस्कृत विद्युत, वीज. आपल्याकडे विद्युत मंडळ दिवे लावतं आणि महिनाअखेर बिल पाठवतं. त्यांच्याकडे वित्थयु म्हणजे रेडिओ. 1914 साली बँकॉकच्या सालाडेंग भागात बिनतारी केंद्र उभं राहिलं. जवळच्या रस्त्याला थाईत 'थनोन वित्थयु' म्हणतात आणि इंग्रजी पाटीवर वायरलेस रोड. मग विजेला काय म्हणतात? तिला घरचाच शब्द आहे, 'फायफा', आकाशातली आग.

1913 पर्यंत सयाममध्ये आडनावंच नव्हती. वजिरावुधनं कायदा करून ती सक्तीची केली आणि स्वतः बसून सहा हजारांहून जास्त घराण्यांना आडनावं पाडून दिली. त्यांत एक घर होतं हेन्री अॅलाबास्टर या इंग्रजाच्या थाई वंशजांचं. अॅलाबास्टर ब्रिटिश वकिलातीत दुभाषा म्हणून आला, पुढे चुलालोंगकोर्नचा सल्लागार झाला आणि 1884 मध्ये बँकॉकमध्येच वारला. अॅलाबास्टर हा पांढरा, मऊ, कोरीव कामाचा दगड. राजानं त्याचं सरळ भाषांतर केलं: श्वेतशिला. थाई उच्चार 'सवेतसिला'. या घराण्यातले सिद्धी सवेतसिला 1980 ते 1990 अशी दहा वर्षं थायलंडचे परराष्ट्रमंत्री होते. त्यांच्या नावात कुठे इंग्रज दडला असेल अशी शंकाही येत नाही. उलट एखाद्या मराठी पुराणिकाला ते नाव आपलंच वाटेल.

24 जून 1932 ला राजाची अनियंत्रित सत्ता संपली, आणि त्याबरोबर शब्दांचा नुसता पूर आला. नवी राजवट म्हटली की कॉन्स्टिट्यूशन, रेव्होल्यूशन, पॉलिसी, सोसायटी, इकॉनॉमी आलंच. यातले पुष्कळ शब्द एकाच माणसाच्या टाकसाळीतले आहेत: राजपुत्र वान वैथयाकोन. जन्म 1891, शिक्षण ऑक्सफर्ड, पेशा मुत्सद्देगिरी. 1956 मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्षही झाले. 1932 सालच्या एका व्याख्यानात त्यांनी मांडलेला मुद्दा असा: परका शब्द जशाचा तसा घेतला की त्याच्याबरोबर परका विचारही न तपासता आत येतो, आपला शब्द घडवायला बसलं की थांबावं लागतं, विचार करावा लागतो. यात सुधारकाइतकाच सनातनीही बोलतो आहे. भाषा त्यांना वेशीवरच्या पहारेकऱ्यासारखी हवी होती. कोण आत येतंय ते त्यानं विचारावं, आणि शक्य तर थोडं ताटकळतही ठेवावं.

रेव्होल्यूशनचंच पाहा. वान यांनी दिलेला शब्द 'पतिवात': प्रति म्हणजे उलट, वृत् म्हणजे फिरणं. लॅटिन मुळाशी लावून पाहिला तर चोख आहे, कारण तिथेही पुन्हा वळणंच आहे. पण क्रांतीचे एक सूत्रधार प्रीदी फनोमयोंग यांना तो रुचला नाही. आपण देश पुढे न्यायला निघालोय आणि शब्द मागे फिरण्याचा? त्यांनी 'अफिवात' हा शब्द धरला, अभि अधिक वर्धन, विशेष वाढ. रूढ झाला तो पहिलाच. पुढे 1958 मध्ये सत्ता हाती घेतलेल्या फील्ड मार्शल सारित यांच्या लष्करी गटानं स्वतःला पतिवातवाले म्हणवून घेतलं, तेव्हा त्या 'प्रति'ला वेगळीच धार आली. खुद्द लष्करी उठावाला थाईत 'रात्थप्रहान' म्हणतात, राष्ट्रप्रहार. फ्रेंचमधून इंग्रजीत गेलेल्या 'कू देता' या मूळ शब्दात 'राज्यावर घाव' हाच अर्थ आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला तो आता दिसत नाही, थाई वाचणाऱ्याला दिसतो.

मला या भाषांतरांचं खरं अप्रूप इथे वाटतं. इंग्रजीत झिजून गुळगुळीत झालेला शब्द इथे पुन्हा टोकदार होतो. इंडस्ट्री म्हणजे कारखाने हे आपण धरून चालतो. पण इंग्रजीत त्याचा जुना अर्थ कष्टाळूपणा. थाईत ती 'उत्साहकाम' आहे, उत्साहाचं कर्म. 'ऑटोमॅटिक'ला 'अत्तनोमात', हा पालीतला जुनाच शब्द, अत्तनोमति, म्हणजे स्वतःचं मत. भाष्यकार स्वतःच्या डोक्यानं अर्थ लावू लागला की त्याला ते म्हणत. आवाज इंग्रजीशी जुळला, अर्थही ओढूनताणून जुळला, आणि आता गिअर आपोआप पडणारी गाडी स्वमतवादी झाली! कंपनी म्हणजे 'बोरिसात', मूळ परिषद. इकॉनॉमी म्हणजे 'सेत्थकित'. त्यातला सेत्थ म्हणजे संस्कृत श्रेष्ठ, आपला शेठही त्याच मुळातला, आणि कित म्हणजे कृत्य. देशाची अर्थव्यवस्था म्हणजे शेठजींचे उद्योग. हे भाषांतर चुकलं असं कोणी म्हणू नये.

युनायटेड किंगडमचं नाव तर बसून चाखावं असं: 'सहरात्चआनाचाक'. सह, राज, आणि आनाचाक म्हणजे आज्ञाचक्र. राजाच्या आज्ञेचं चाक जिथवर फिरतं तिथवर त्याचं राज्य. पालीत आज्ञेची 'आणा' होते; आपण आण घालतो ती हीच. अमेरिका त्या मानानं साधी, 'सहरात', सहराष्ट्र.

या इमारतीला एकदा सुरुंगही लागला. मे 1942 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान फिबुन यांच्या सरकारनं लिपी सोपी करण्यासाठी तेरा व्यंजनं कापली. कापली ती मुख्यतः संस्कृत-पालीसाठी राखलेलीच. शब्द उच्चारात तेच राहिले, पण त्यांची वंशावळ कागदावरून पुसली गेली. फिबुन 1944 मध्ये सत्तेवरून गेले आणि त्याच वर्षी जुनं लेखन परत आलं. शुद्धलेखनाचे नियम कधी कोण बदलील याची धास्ती आपल्यालाही आहे, पण आपल्याकडे अजून कुणी ष आणि ऋ एका फटक्यात हद्दपार केलेले नाहीत.

शब्द पाडण्याचं काम पुढे शाही पंडितसभेकडे गेलं. ही संस्था 1926 च्या सभेतून 1934 मध्ये नव्यानं उभी राहिली. तिची परीक्षा कॉम्प्युटरनं घेतली. तिनं 'खनितकोन' सुचवला, गणित अधिक करण. लोकांनी ऐकून घेतलं आणि 'खॉमफिउतो' म्हणत राहिले. शेवटी संस्थेनंही मान तुकवली. मराठीत याच जागी 'संगणक' घट्ट बसला, हे मात्र आपल्या पदरात टाकलं पाहिजे. शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवहारकोशापासून सावरकरांच्या भाषाशुद्धीपर्यंत ही खोड आपल्यालाही जुनी आहे, आणि तिची टिंगल करायची खोडही.

टिंगल थाई लोकांनीही मनसोक्त केली. पंडितसभेनं हार्डवेअरला 'क्रदांगफान' म्हणजे ताठर भांड आणि सॉफ्टवेअरला 'लमुनफान' म्हणजे मऊ भांड असे शब्द दिले, असं पसरलं. विंडोजला 'फहुबन्चोन', बहुपंजर. थाई काव्यात खिडकीला पंजर म्हणतात, ज्याचा आपण पिंजरा केला. मायक्रोसॉफ्टचंही भाषांतर फिरत होतं, 'इवलंसं लुळं' अशा अर्थाचं. संस्थेला जाहीर खुलासा करावा लागला की हे आमचे नव्हेत. तिचे खरे शब्द अगदीच कोरडे आहेत: हार्डवेअर म्हणजे यंत्राचा भाग, सॉफ्टवेअर म्हणजे आज्ञासंचाचा भाग. विनोदी शब्द लोकांच्या तोंडी राहिले, खरे फायलीत.

काही वेळा संस्थेचा शब्द जिंकतोही. 1990 नंतर ग्लोबलायझेशनला वर्तमानपत्रांनी 'लोकानुवात' म्हणायला सुरुवात केली: लोक अधिक अनुवर्तन, जगाच्या मागून जाणं. पंडितसभेनं तो बदलून 'लोकाफिवात' केला. तोच जुना 'अभि', जो 1932 मध्ये हरला होता, स्पेलिंग थोडं वेगळं करून परत आला, आणि आज तोच चालतो.

टेलिफोनची गोष्ट राहिली. तो बँकॉकमध्ये 1881 साली आला आणि यथावकाश 'थोरसाप' झाला, दूरशब्द. आपला दूरध्वनी त्याचा सख्खा चुलतभाऊ, फक्त तो सरकारी पत्रांच्या शीर्षातच उरला. थोरसाप अजून रोजच्या वापरात आहे, पण बोलताना कोणी तो पुरा उच्चारत नाही. हातातल्या मोबाइलला 'मुथु' म्हणतात, हाती धरलेला. आणि 'तुला फोन करतो' म्हणायचं तर नुसतं 'थो हा'. शब्द गळून पडला आहे, दूर तेवढं शिल्लक आहे.