लेक्झिंग्टन (नॉर्थ कॅरोलिना) : शहर आणि बार्बेक्यूचा धंदा

लेक्झिंग्टन हे अमेरिकेच्या दक्षिणेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातले छोटे शहर. डेव्हिडसन काउंटीचे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मुख्य ठिकाण. लोकसंख्या सुमारे २०,०००. शार्लट आणि ग्रीन्सबरो या दोन मोठ्या शहरांच्या दरम्यान, आंतरराज्य महामार्ग ८५ च्या कडेला, पीडमाँट नावाच्या चढउताराच्या पट्ट्यात ते वसले आहे. गेल्या शंभर वर्षांत इथल्या लोकांचे पोट दोन धंद्यांवर भरले : फर्निचरचे कारखाने आणि डुकराच्या खांद्याचे मांस निखाऱ्यांवर भाजून विकणारी दुकाने. कारखाने बहुतेक बंद पडले. भट्ट्या अजून पेटतात.

गावाच्या मध्यभागाला इथे ‘डाउनटाउन’ न म्हणता ‘अपटाउन’ म्हणतात. मेन स्ट्रीट आणि सेंटर स्ट्रीट जिथे मिळतात तिथे १८५८ साली पूर्ण झालेली, उंच खांबांची जुनी न्यायालयाची इमारत आहे. आता तिच्यात काउंटीचे इतिहास संग्रहालय आहे. बार्बेक्यूचा धंदा याच इमारतीसमोर जन्मला. न्यायालयाचे कामकाज त्या काळी ठरावीक आठवड्यांतच चाले. त्या आठवड्यात खेड्यापाड्यांतून पक्षकार, साक्षीदार, ज्यूरीची माणसे गावात येत आणि दिवसभर थांबत. त्यांच्या जेवणाची सोय म्हणून १९१९ च्या सुमारास सिड वीव्हर आणि त्यांच्या पाठोपाठ जेस स्वाइसगुड यांनी न्यायालयासमोर तंबू ठोकले, जमिनीत खड्डा खणून मांस भाजायला सुरुवात केली. पुढे तंबूंच्या जागी पक्की दुकाने आली. स्वाइसगुडांच्या हाताखाली वॉर्नर स्टेमी हा शाळकरी मुलगा काम शिकला. त्याने नंतर ग्रीन्सबरोमध्ये दुकान काढले आणि अनेकांना हा धंदा शिकवला. त्यांच्यापैकीच वेन मंक यांनी १९६२ मध्ये ‘लेक्झिंग्टन बार्बेक्यू’ सुरू केले. गावकरी त्याला ‘हनी मंक्स’ किंवा नुसते ‘द मंक’ म्हणतात. १९८३ मध्ये व्हर्जिनिया राज्यातल्या विल्यम्सबर्गला जगातल्या प्रमुख औद्योगिक राष्ट्रांच्या प्रमुखांची बैठक भरली, तेव्हा त्यांच्या ताटात मंक यांचे बार्बेक्यू वाढले होते.

‘बार्बेक्यू’ या शब्दाचा इथला अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. अंगणात शेगडी मांडून कोंबडी किंवा सॉसेज भाजणे म्हणजे इथे ‘कुकआउट’. बार्बेक्यू म्हणजे फक्त लाकडाच्या निखाऱ्यांवर सावकाश भाजून चिरलेले डुकराचे मांस. राज्याच्या पूर्व भागात अख्खे डुक्कर भाजतात आणि त्यावर व्हिनेगर व मिरचीचे पाणी शिंपडतात. त्यात टोमॅटो चालत नाही. लेक्झिंग्टनमध्ये फक्त खांदा वापरतात आणि पाण्यात थोडे केचप पडते. बाहेरच्याला हा फरक क्षुल्लक वाटेल, पण राज्यातली माणसे त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडत आली आहेत. आणि भांडणात तथ्य आहे : खांद्यात चरबी आणि स्नायूंना जोडणारे चिवट तंतू भरपूर असतात. ते हळूहळू वितळले की मांस मऊ आणि रसदार होते. अख्ख्या डुकरात कोरडा भाग आणि तेलकट भाग एकत्र चिरून मेळ घालावा लागतो. खांद्यात तो मेळ आधीच असतो.

भट्टी आणि भाजणे

भट्टीचे दोन भाग असतात. एका बाजूला मोठी चूल, जिच्यात हिकरी आणि ओक यांची लाकडे जळून निखारे होतात. दुसऱ्या बाजूला विटांची लांबट भट्टी : वर धुराडे, समोर लोखंडी झडपा आणि तळापासून साधारण गुडघाभर उंचीवर लोखंडी जाळी. लाकूड मांसाखाली कधीच जाळत नाहीत. चुलीतले निखारे लांब दांड्याच्या फावड्याने उचलून जाळीखाली पसरतात, आणि हे काम दर २०–३० मिनिटांनी करावे लागते. चांगल्या निखाऱ्यातून धूर जेमतेम निघतो. या मांसाचा जो खास वास असतो, तो मुख्यत्वे वितळलेली चरबी निखाऱ्यावर टपकून उठणाऱ्या वाफेधुरातून येतो. म्हणूनच निखारे मांसाच्या थेट खाली हवेत. बाजूला आग आणि नळीतून धूर, अशा पेटीत तो वास उतरत नाही.

एक खांदा साधारण ६.५ ते ८ किलोचा असतो. त्याला फक्त मीठ चोळतात, दुसरा मसाला नाही. आधी मांसाची बाजू खाली ठेवतात, ती तपकिरी झाली की खांदा उलटून कातडीची बाजू खाली घेतात. म्हणजे कातडी वाटीसारखी होते आणि सुटलेला रस आतच राहतो. एकूण ९–१० तास लागतात. जाळीवरची उष्णता ११०–१२० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवायची. मांस आतून ७० अंशांवर आले की तापमान तासन्‌तास हलत नाही, कारण बाहेर येणारे पाणी बाष्प होताना उष्णता खाते. नवशिका इथेच चुकतो. ‘आग कमी पडली’ असे समजून तो निखारे वाढवतो. मग बाहेरून करपते आणि आत तंतू चिवट राहतात. आतले तापमान ९० अंशांपर्यंत गेले आणि हाड हाताने हलवून निघाले की मांस तयार. हाड, कातडी, चरबी आणि आटलेले पाणी गेल्यावर ७ किलोच्या खांद्यातून ३ ते ३.५ किलोच मांस हाती येते. भाव ठरवताना दुकानदाराला पहिला हिशेब हाच करावा लागतो.

सर्वांत मोठा धोका चरबीच्या भडक्याचा. निखारे जास्त पडले किंवा एकाच जागी साचले की टपकणारी चरबी पेट घेते, आणि क्षणात जाळीवरचे सगळे खांदे ज्वाळेत सापडतात. अशा वेळी झडप लावून हवा तोडतात, निखाऱ्यांवर राख पसरतात. धुराड्यात काजळी आणि चरबीचा थर साचतो, तो नियमित खरवडला नाही तर धुराडेच पेटते. या पद्धतीच्या कित्येक दुकानांना कधी ना कधी आग लागलेली असते. पाइनसारखे राळेचे लाकूड वापरले तर काजळी वाढते आणि मांसाला कडवट चव येते, म्हणून ते चुलीजवळही आणत नाहीत.

लाकडाची भट्टी म्हणजे पहाटेपासून कोणीतरी तिच्यापाशी उभे असणे. उन्हाळ्यात हे काम अंगाची लाही करते, आणि ते करणारी नवी माणसे मिळत नाहीत. त्यामुळे राज्यातल्या अनेक दुकानांनी गॅसची किंवा विजेची यंत्रे बसवली. यंत्रातले मांस मऊ होते, पण चरबी निखाऱ्यावर पडत नाही, त्यामुळे तो वास त्याला येत नाही. ‘कॅम्पेन फॉर रिअल बार्बेक्यू’ ही मोहीम अजून लाकडावर भाजणाऱ्या दुकानांना प्रमाणपत्र देते. प्रमाणपत्र नसले तरी ओळख सोपी आहे : दुकानामागे रचलेल्या फाट्यांचा ढीग आणि धुराड्यातून निघणारा धूर.

डिप, स्लॉ आणि भजी

मांसावर घालायच्या पाण्याला ‘डिप’ म्हणतात. दाट सॉस नाही, पाण्यासारखे पातळ. घरगुती प्रमाण असे : सफरचंदाचे व्हिनेगर ३६० मिलि, पाणी १२० मिलि, केचप १२० मिलि, साखर दोन मोठे चमचे, मीठ एक छोटा चमचा, भरड लाल मिरची अर्धा ते एक छोटा चमचा, थोडी मिरपूड. साखर विरघळेपर्यंत मंद आचेवर ५–१० मिनिटे ठेवून गार करायचे. जोरात उकळायचे नाही. ॲल्युमिनियमच्या भांड्यात केले तर धातूची चव उतरते. केचप वाढवले की डिप मांसावर थापून बसते, आत झिरपत नाही.

याच डिपमध्ये कोबी मुरवला की ‘रेड स्लॉ’ होतो. अमेरिकेत इतरत्र कोलस्लॉला मेयोनेज लावतात. इथे ते चालत नाही. कोबी आपल्या कोशिंबिरीपेक्षाही बारीक, तांदळाच्या कणीएवढा चिरतात. किलोभर कोबीला सुमारे २५० मिलि डिप आणि चवीला साखर घालून तासदोन तास थंड ठेवतात. कोबीला पाणी सुटते, ते निथळायला विसरले तर सँडविचचा पाव भिजून फाटतो. तेलकट मांसाला हा आंबट-गोड कोबी हवाच. त्याच्याशिवाय चार घासांत तोंड मिटते.

‘हशपपी’ म्हणजे मक्याच्या पिठाची भजी. दोन वाट्या मक्याचे पीठ, एक वाटी मैदा, एक अंडे, बारीक कांदा, मीठ, थोडी साखर, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर आणि लागेल तितके ताक. पीठ चमच्यावरून जड पडेल इतके घट्ट असावे, आणि फार घोटू नये. घोटले की भजी रबरासारखी होतात. तेल १७५–१८० अंशांवर हवे. गार तेलात ती तेल पितात, फार तापल्या तेलात बाहेर काळी आणि आत कच्ची राहतात.

दुकानात

मांस भट्टीतून निघाले की सत्तुराने लाकडी ठोकळ्यावर चिरतात. गिऱ्हाईक कोणती चिरणी सांगते, यावरून ते गावातले की बाहेरचे हे कळते. ‘चॉप्ड’ म्हणजे बारीक, ‘कोर्स चॉप्ड’ म्हणजे जाडसर तुकडे, ‘स्लाइस्ड’ म्हणजे कापे. ‘ब्राउन’ मागितले तर बाहेरचा तपकिरी, खरपूस थर मिळतो. तो एका खांद्यात थोडाच असतो, म्हणून उशिरा आलेल्याला मिळेलच असे नाही. ‘ट्रे’ म्हणजे नावेच्या आकाराच्या कागदी पात्रात अर्धे मांस आणि अर्धा स्लॉ. ‘प्लेट’ घेतली तर बटाट्याचे फ्राइजही येतात. सँडविचमध्ये स्लॉ पावाच्या आतच, मांसावर घालतात. सोबत भजी किंवा पाव.

काही दुकानांत ‘कर्ब सर्व्हिस’ अजून आहे : गाडी आवारात लावायची, माणूस खिडकीशी येऊन ऑर्डर घेतो आणि पिशवी तिथेच आणून देतो. बसून खाल्ले तर बिलाच्या १५–२० टक्के टिप देण्याची रीत आहे. छापील दरांत विक्रीकर धरलेला नसतो. राज्याच्या नियमाप्रमाणे आरोग्य खात्याने दिलेले गुणांचे कार्ड भिंतीवर दिसेल असे लावावे लागते. ९० किंवा त्याहून जास्त गुण असतील तर ‘ए’ श्रेणी. रविवारी चर्चचा दिवस म्हणून बरीच दुकाने बंद असतात, त्यामुळे जाण्यापूर्वी वेळ पाहून घ्यावी. शाकाहारी माणसाने स्लॉ, भजी आणि फ्राइज यांवर भागवता येईल असे गृहीत धरू नये : भज्यांत अंडे असते, तळणीचे तेल बहुधा एकच असते, आणि शिजवलेल्या शेंगांत डुकराचे तुकडे जवळजवळ ठरलेलेच.

नुसता ‘टी’ मागितला तर बर्फ घातलेला गोड चहा येतो. बिनसाखरेचा हवा असेल तर ‘अनस्वीट’ म्हणावे लागते. गॅलनभर (३.८ लिटर) चहाला २०० ते ४०० ग्रॅम साखर, आणि ती चहा गरम असतानाच विरघळवायची. चहाच्या पिशव्या दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवल्या तर तुरटपणा येतो. गरम चहा थेट फ्रिजमध्ये ठेवला तर गढूळ होतो. चहा नको असेल तर चीअरवाइन : शेजारच्या सॉल्झबरी गावात १९१७ पासून बनणारे चेरीच्या चवीचे लाल पेय. नावात ‘वाइन’ असले तरी त्यात दारू नसते.

इतर दुकाने

मेन स्ट्रीटवर ‘कॉनरॅड अँड हिंकल’ हे १९१९ पासूनचे किराणा-मांसाचे दुकान आहे. तिथले पिमेंटो चीज दूरदूरहून लोक येऊन नेतात; चेडर किसून त्यात मेयोनेज आणि गोड लाल मिरची कालवलेली ही चटणीसारखी लगदी पावाला लावून खातात. पीडमाँट कँडी कंपनी १८९० मध्ये याच शहरात सुरू झाली. तिच्या ‘रेड बर्ड’ नावाच्या, तोंडात विरघळणाऱ्या पेपरमिंट गोळ्या अजून बनतात. फर्निचरची कथा वेगळी. १९०१ मध्ये सुरू झालेल्या डिक्सी फर्निचरसारख्या कारखान्यांनी हजारो कुटुंबे पोसली. २००० नंतरच्या दशकात उत्पादन आशियात गेले, आणि रेल्वेमार्गालगतच्या विटांच्या प्रचंड इमारती रिकाम्या पडल्या. काही जागा शहराने विकत घेऊन नव्या वापराला काढल्या.

या दुकानांच्या इतिहासात वर्णभेदही आहे, आणि तो वगळला तर चित्र खोटे ठरेल. दक्षिणेत भट्टीवरच्या कौशल्याचा मोठा वाटा कृष्णवर्णीयांचा, पण बसून खाण्याची जागा गोऱ्यांची. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला बहुधा मागच्या खिडकीतून पुडके मिळे. जून १९६३ मध्ये लेक्झिंग्टनच्या उपाहारगृहांत कृष्णवर्णीय तरुणांनी प्रवेश मागितला, तेव्हा शहरात हिंसाचार झाला आणि एक माणूस ठार झाला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हा भेद बेकायदा ठरवला. छोट्या स्थानिक खानावळींना तो लागू होतो की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तोही एका बार्बेक्यूच्या दुकानामुळे : अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या ‘ऑलीज बार्बेक्यू’च्या खटल्यात डिसेंबर १९६४ मध्ये निकाल लागला, की लागू होतो.

बार्बेक्यू महोत्सव

१९८४ पासून दर ऑक्टोबरात एका शनिवारी मेन स्ट्रीटवर वाहने बंद करून बार्बेक्यू महोत्सव भरतो. स्थानिक दैनिक ‘द डिस्पॅच’च्या प्रकाशकांनी तो सुरू केला. २००७ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने त्याला पीडमाँट ट्रायड (ग्रीन्सबरो, विन्स्टन-सेलम आणि हाय पॉइंट या शहरांचा परिसर) विभागाचा अधिकृत खाद्यमहोत्सव ठरवले. त्या एका दिवसात शहराच्या लोकसंख्येच्या कित्येक पट माणसे येतात. गावातली निवडक दुकानेच तंबूत मांस विकतात. गाडीने येणाऱ्यांना लांब उतरून चालत यावे लागते. रेल्वेने येणे सोपे : शार्लट–रॅले मार्गावरच्या गाड्या एरवी लेक्झिंग्टनला न थांबता पुढे जातात, महोत्सवाच्या दिवशी मात्र खास थांबा घेतात.